माझ्या चेहऱ्यावरचे चुकीचे पर्याय

माझ्या तोंडून प्रश्न फुटणं शक्यच नाही! हे मी ऑडेलबाईंना टेबलावर हात आपटून सांगितलं.

ऑडेलबाई म्हणजे आमच्या साहेब. पदव्युत्तर प्रवेशाची जी परीक्षा देशभर होते, तिचे प्रश्न आम्ही न्यू जर्सीतल्या एका बिनपाटीच्या इमारतीत बसून तयार करतो. शेजारच्याचं पाहून उत्तर देता येऊ नये म्हणून एकेका प्रश्नाची ढीगभर भावंडं काढायची, हे माझं काम. एकाच्या संगणकाच्या पडद्यावर दोन नळ टाकी भरतात, शेजारणीच्या पडद्यावर दोन रंगारी कुंपण रंगवतात. पोटातलं गणित तेच, कपडे वेगळे! शिवाय हुबेहूब खरी वाटणारी चुकीची उत्तरंही मीच लिहितो. चुकांबद्दल पगार मिळणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. बाकीच्यांनी फुकट केल्या.

"आयरा, तुझी बायको शनिवारी परीक्षेला बसतेय," ऑडेलबाई म्हणाल्या. "घरात एक शब्द जरी फुटला तर तुझी नोकरी गेली. आणि तिचा प्रवेशही!"

"प्राण जाईल, पण प्रश्न नाही जाणार!" मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी दोन्ही जायची वेळ आली.

कोरिनला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून माझ्या सासूबाई, ल्यूसिल, स्वयंपाकाला आल्या होत्या. खिम्याचा भाजलेला मीटलोफ कापता कापता मला टोमणा मारत त्या म्हणाल्या, "मी एकटीनं बटाटे सोलले, तासभर लागला. जावयानं हात लावला असता तर किती वेळ लागला असता?"

माझा काटा ताटात पडला. हा तर माझाच प्रश्न! कुंपणवाल्याचा धाकटा भाऊ!

"तू पांढरा का पडलास रे?" कोरिननं विचारलं.

"गरम होतंय."

"गरम झालं की माणूस लाल होतो." तिचे डोळे चमकले. "अच्छा! म्हणजे असली गणितं येणार तर! आणि मिश्रणं? सरासरी? बघ, बघ, कान हलले तुझे!"

ती गमतीत विचारत होती. माझी नोकरी मात्र गमतीत जाणार नव्हती!

मग मी धंद्यातली युक्ती काढली. खरं उत्तर लपवायचं, तर भोवती तितकीच खरी वाटणारी चुकीची उत्तरं पेरायची. सासूबाई म्हणाल्या, "मीठ दे." मी छातीवर हात दाबला. कोरिन म्हणाली, "पाणी?" मी कळवळलो. शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकलं, मी खुर्चीवरून खाली घसरलो. आता शोधा म्हणावं खरं कोणतं!

सासूबाई शोधत बसल्या नाहीत. त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

"हॉस्पिटल किती लांब आहे हो?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"बारा मैल. आता ताशी चाळीसच्या वेगानं गेलो तर..."

"उत्तर देऊ नका!" मी स्ट्रेचरवर ताडकन उठून बसलो.

"दुखणं डोक्यात गेलंय," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"लग्नाच्या वेळीच मला शंका होती!" सासूबाईंनी डोळे पुसले.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात वजा करा."

कोरिन शेजारीच उभी! मी ओठ घट्ट मिटले.

"येत नाही का?"

"येतं. पण सांगणार नाही."

"बरं, आज वार कोणता?"

"पर्याय द्या."

डॉक्टरांनी मला शनिवारपर्यंत ठेवून घेतलं.

कोरिन माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करत राहिली. "आता तर प्रवेश मिळवणारच," ती आईला सांगत होती. "घरात निदान एकाचं तरी डोकं चालायला हवं!" शनिवारी ती तिथूनच परीक्षेला गेली आणि दणदणीत गुण मिळवून आली; गुण पडद्यावर लगेच दिसतात. मी उशीत तोंड खुपसून रडलो. तिनं मिळवलेत, एकटीनं! माझ्याकडून काडीची मदत नाही!

सोमवारी मी छाती पुढे काढून ऑडेलबाईंसमोर उभा राहिलो. "मेंदूची तपासणी करून घेतली, पण प्रश्न फुटू दिला नाही!"

"कुठला प्रश्न?"

"माझा! तिला आला असता तर?"

"कसा येईल? तू बायकोचं नाव कळवलंस, त्याच दिवशी तुझे सगळे प्रश्न तिच्या परीक्षेतून वगळले. नेहमीच वगळतो."

"मग मला का नाही सांगितलं?"

ऑडेलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुला कसं सांगणार? तू परीक्षार्थीचा नवरा! तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"