नानांची विहीर, पाच बोटं इकडं-तिकडं

माझे चुलते नाना यांना काहीही विचारा, उत्तराला शेपूट असतंच. वय? "एकाहत्तर, दोन वर्सं इकडं-तिकडं." चहात साखर? "दीड चमचा, चिमूटभर इकडं-तिकडं." माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिची उंचीही त्यांनी अशीच सांगितली. पाहुणे चपापले, तर नानांनी खिशातून टेपच काढली!

हे खूळ विहिरीपायी लागलं. पाटोद्याजवळच्या आमच्या गावातलं पाणी मोजायला सरकारच्या भूजल खात्यानं एकच विहीर निवडली, ती नानांच्या मळ्यातली. खात्याचे साहेब वर्षातून चारदा टेप सोडतात, नाना रोज सोडतात. वहीत आकडा लिहायचा आणि पुढं "पाच बोटं इकडं-तिकडं".

घोळ असा, की नानांच्या विहिरीचा झरा दांडगा. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या बाकी विहिरी आटल्या, पण कागदावर गावात पाणीच पाणी. टँकर नामंजूर! बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन दीड किलोमीटर मळ्यात यायला लागल्या.

गाव पेटलं. मीच नानांकडे गेलो. "साहेब यायच्या आदी दोन दिवस मोटार चालवा की. पाणी खाली जाईल."

"न्हाई बे. आज खोटा आकडा दिला, तर उद्या खरा कोण मानंल?"

"मग बायांनी मरावं का?"

दुसऱ्या दिवसापासून नाना भर उन्हात टेप घेऊन गावातली एकेक विहीर मोजत सुटले. कुत्री मागं, पोरं मागं. साहेब आल्यावर वही पुढं केली. "साहेब, माजी इहीर खोटं बोलत न्हाई. पण ती तिचं एकटीचं सांगती, गावाचं न्हाई."

साहेबांनी स्वतः चार विहिरींत टेप सोडून पाहिली आणि अहवाल बदलला. आठवड्यात टँकर गावात आला.

मी पेढे घेऊन मळ्यात गेलो. काकू गेल्यापासून नाना तिथं एकटेच असतात. विहिरीच्या काठावर बसले होते.

"नाना, जिंकलात की!"

"व्हय." टेप गुंडाळत म्हणाले, "बाया यायच्या तवा लई कालवा असायचा. कुणी कालवण आणायचं, कुणी सासूची गाऱ्हाणी सांगायचं."

"आता किती येतात?"

"एक बी न्हाई."

मी शेपटाची वाट पाहिली. ते आलंच नाही.

सकाळी घागर घेऊन मी पुन्हा मळ्यात हजर.

"कावून आलास बे? दारात टँकर हाय की."

"ते पाणी मचूळ लागतंय नाना."

"मचूळ? किती?"

"लई," मी म्हणालो. "थोडं इकडं-तिकडं."