इंजिनाचा नैवेद्य

माणसाचं बरं चाललेलं असलं की त्याला सुधारणा सुचतात. सुमंतची गाडी बरी चालली होती. इतक्या वर्षांत तिनं कधी तक्रार केली नव्हती. पण सुमंतनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक दाढीवाला गृहस्थ बॉनेट उघडून सांगत होता, की इंजिनात तेल ओतायच्या भोकावर कंपनी काळं प्लास्टिकचं झाकण देते, ते सामान्य लोकांसाठी. शौकीन माणसानं तिथं लाल ॲल्युमिनियमचं बसवावं. (बॉनेट बंद केल्यावर ते कोणाला दिसतं, हे व्हिडिओत नव्हतं.) सुमंत मिहानमधल्या एका कंपनीत लोकांच्या रजा मोजतो. आपल्या आयुष्यात लाल असं काहीच नाही, हे त्याला त्या क्षणी जाणवलं. त्यानं झाकण मागवलं आणि ते नेमकं दसऱ्याच्या सकाळी आलं.

त्या दिवशी गाडीला दुसरंच महत्त्वाचं काम होतं. सुमंतची बायको अरुंधती क्लास लावून गाडी शिकली होती आणि दसऱ्याला स्वतः चालवत कुहीला माहेरी सोनं द्यायला जाणार होती. ‘आमच्या पोरीले गाडी जमणार नाही’ असं तिचे वडील मधुसूदनराव मागे चारचौघांत बोलून गेले होते. आता तेच चारचौघांना घेऊन दुपारी कुहीच्या चौकात उभे राहणार होते. अरुंधती आठवडाभर भाजी चिरतानासुद्धा डाव्या पायानं क्लच दाबत होती.

चुटकीसरशी झाकण बदलू, बायकोला खूश करू, असा सुमंतचा हिशेब. घरातली एकुलती एक पक्कड त्याच्या आईनं, प्रयागबाईंनी, पूजेत मांडली होती. दसऱ्याला पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं, हे सुमंतला माहीत होतं. त्यानं ती हळदीकुंकवासकट उचलली.

जुनं झाकण हातानं सुटलं. नवं काही बसेना, आटे जुळत नव्हते. डब्यात एक लाल गळाही होता, म्हणजे झाकण ज्यावर फिरतं ती नळी. तेव्हा जुना काळा गळाच काढावा असं सुमंतनं ठरवलं. तो हातानं हलेना म्हणून पक्कड लावली. ‘कट्’ असा आवाज आला आणि गळा निघाला. फक्त तो दोन तुकड्यांत निघाला. नवा गळा भोकावर ठेवून पाहिला, तर तो भोकापेक्षा मोठा. सुमंत पुन्हा व्हिडिओ बघायला घरात गेला. (आधी जाहिराती होत्या.)

तेवढ्यात प्रयागबाई पूजेचं तबक घेऊन बाहेर आल्या. दरवर्षी त्या बॉनेटवर स्वस्तिक काढून त्यावर संत्रा बर्फी ठेवत. आज बॉनेट वर आणि आत एक स्वच्छ गोल भोक उघडं. पोराला अखेर रीतभात सुचली, असं वाटून त्यांना भरून आलं. त्यांनी बॅटरीला कुंकू लावलं, भोकात अक्षता टाकल्या आणि मागोमाग बर्फी. एक तुकडा अडला, तो उदबत्तीच्या काडीनं हलकेच आत ढकलला.

सुमंत परतला तेव्हा भोकाभोवती तांदूळ सांडले होते.

“आई, बर्फी कुठी ठेवली?”

“देल्ली.”

“कोनाले?”

“गाडीले. तूच तं उघडून ठेवलं होतं. सनाच्या दिवशी तिले उपाशी कशी ठेऊ?”

सुमंतनं मेकॅनिकला फोन लावला. त्याची हत्यारं पूजेत होती, ती उद्याच उठणार होती. तोवर चावीला हात लावू नका, नाहीतर बर्फी इंजिनभर फिरेल, एवढा सल्ला त्यानं दिला. प्रयागबाईंनी वर ऐकवलं, की तो बघ, मेकॅनिक असून पाळतो, आणि तू पूजेतली पक्कड उचलतो.

अरुंधती नवी साडी नेसून बाहेर आली. सुमंत म्हणाला, थोडं ट्यूनिंग बाकी आहे. तिनं भोकात वाकून पाहिलं, मग बाजूला पडलेलं लाल झाकण पाहिलं.

“बाबा चौकात उभे राहतीन,” ती हळू म्हणाली. “मी इतके दिवस शिकली ते आजसाठी. अन् तुम्हाले आजच लाल झाकण लावायचं होतं?”

ती रडली असती तर बरं, असं सुमंतला वाटलं. त्याला मनापासून लाज वाटली. त्या लाजेतच तो शेजारच्या भैय्याजींच्या दारात गेला. भैय्याजी लग्नाचा स्वयंपाक करून देतात. त्यांच्याकडे भांडी वाहायची मोठी व्हॅन आहे. कढया-पातेली आतच ठेवून त्यांनी व्हॅनची पूजा केली होती. ऐकून ते पोटभर हसले आणि किल्ली अरुंधतीच्या हातात ठेवली.

पुढं जागा दोघांचीच. प्रयागबाई अरुंधतीशेजारी बसल्या आणि सुमंत मागे भांड्यांत. दिघोरीच्या चौकात व्हॅन एकदा बंद पडली, मागून हॉर्न वाजले, पण अरुंधतीनं ओठ दाबून ती पुन्हा सुरू केली आणि मग बंद पडू दिलीच नाही. प्रत्येक वळणाला कढया सुमंतकडे येत आणि तो कढयांकडे जाई. एक झारा सारखा डोक्यात पडत होता, तो त्यानं शेवटी हातात धरून ठेवला.

कुहीच्या चौकात व्हॅन थांबली. एवढी मोठी गाडी चालवत पोरगी आलेली पाहून मधुसूदनराव चौघांच्या पुढं धावले. चारचौघे अरुंधतीचं कौतुक करत होते, म्हातारे वाकून स्टेअरिंग बघत होते, आणि मधुसूदनराव डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते, की मी म्हणलंच होतं, हिले जमते. अरुंधतीनं त्यांच्या हातात सोनं ठेवलं आणि ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

एवढ्यात मागचं दार उघडून सुमंत उतरला. तोंडाला कढईची काजळी, शर्टाला इंजिनाचं तेल, हातात झारा. चौघांतल्या एकानं विचारलं, “हा कोन होय गा? पोरीनं आचारी बी आनला का?”

मधुसूदनरावांनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. सुमंत नमस्काराला वाकायच्या बेतात होता.

“आचारीच होय,” ते म्हणाले. “जावयाले सुट्टी नाही भेटली.”