धोटेभाऊंचा बेसचा डब्बा

आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की धोटेभाऊ दुपारीच बादली घेऊन यायचे आणि मंडपामागच्या उघड्या जमिनीला पाणी घालत बसायचे. तिथे झाड नसे की रोपटं नसे. जमिनीतून वीतभर वर आलेला एक लोखंडी पाइप तेवढा असायचा. त्याच्याभोवती ते थोडं पाणी ओतायचे, थांबायचे, मातीनं ते प्यायलं की पुन्हा ओतायचे. नागपूरच्या महाल भागातल्या एका मंडळात हा प्रकार पाहून एका आजीबाईंनी त्या पाइपाला हळदीकुंकू वाहिलं. धोटेभाऊंनी त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "वाहा आजी. पण तारेले हात नका लावू."

मनोहर धोटे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. ड्युटी संपली की तिथल्याच कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये बसून ते बेस गिटारचे अँप्लिफायर बनवायचे. अँप्लिफायर हा शब्द ते कधी उच्चारत नसत. ते म्हणायचे डब्बा. हा डब्बा सागवानी असायचा, आत काचेचे व्हॉल्व्ह, परातीएवढा स्पीकर, आणि उचलायला दोन धडधाकट माणसं लागायची.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. बघितलंच तर चारच तारा पाहून विचारतात, "याच्या दोन तारा तुटल्या काय?" त्यात तेव्हा आमची गिटार लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडायची पद्धत होती. भोंग्यातून जो आवाज निघायचा, तो कुणीतरी रिकामं पिंप घरंगळत नेतंय असा. धोटेभाऊंच्या डब्ब्यातून मात्र तोच स्वर असा यायचा की आधी तळपायाला कळायचा, मग कानाला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ठेका चुकलो, हे आज सांगायला हरकत नाही.

असे डब्बे त्यांनी दहा वर्षांत पाच बनवले आणि एकही विकला नाही. जबलपूरहून, अमरावतीहून लोक यायचे, हातापाया पडायचे. धोटेभाऊ त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "देतो नं. पण मी संग येईन." कार्यक्रमापुरता डब्बा, आणि डब्ब्यासोबत धोटेभाऊ. कार्यक्रम संपला की दोघंही परत.

बनवायला एवढा वेळ लागायचा याचं कारण ट्रान्सफॉर्मर. त्याची तार ते हातानं गुंडाळायचे, तोंडानं वेढे मोजत. एकदा मी उत्साहानं दारातूनच नमस्कार ठोकला. ते थांबले, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सगळी तार उलगडायला लागले.

"किती झाले होते, धोटेभाऊ?" मी घाबरत विचारलं.

"तेच तर गेलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून वहिनी दाराबाहेर पाटी टांगू लागल्या. पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, 'मोजणं सुरू आहे'.

माणूस स्वभावानं भित्रा, असं आमचं सर्वांचं मत होतं. ढग आला की त्यांचा चेहरा उतरायचा. मंडपात कुणी कलशातलं पाणी सांडलं की ते धोतराच्या सोग्यानं स्वतः पुसायचे. 'आधी जमीन, मंग गाणं' हे त्यांचं पालुपद. जमीन म्हणजे अर्थिंग. उत्सवाच्या मंडळानं दिलेल्या विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते सब्बल घेऊन स्वतः खड्डा खणायचे, पाइप रोवायचे, भोवती लोणारी कोळसा आणि खडेमीठ भरायचे, डब्ब्याची तार त्या पाइपाला बांधायचे. मेमध्ये नागपूरची माती इतकी कोरडी होते की वीज तिच्यात उतरायलाच तयार नसते, म्हणून ते पाणी.

एवढं करूनही मला गिटार हातात मिळत नसे. धोटेभाऊ चपला काढून ओल्या पोत्यावर उभे राहायचे. एका हातात माझ्या गिटारच्या तारा, दुसऱ्या हातात गायकाचा माईक. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, चेहरा इंजेक्शनला बसलेल्या माणसाचा. असे ते मिनिटभर उभे राहायचे. समोरच्या खुर्च्यांवरची पोरं खिदळायची. मग डोळे उघडून म्हणायचे, "हं. ये गा आता." मी त्यांची ही नक्कल फार चांगली करायचो. ऑर्केस्ट्रात तिला मागणी होती.

मग आमच्या ऑर्केस्ट्राला दौरा मिळाला. गोंदिया, दुर्ग, रायपूर, बिलासपूर. मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अरुण, बेस त्या डब्ब्यावरच पाहिजे. तुले नाही जमत असन तर जबलपूरचा एक पोरगा आहे, त्याच्यापाशी परदेशी मशीन आहे."  पण नेमकं तेव्हाच कोराडीला वीजनिर्मितीचा एक संच दुरुस्तीसाठी उघडला होता आणि कुणालाच रजा मिळत नव्हती. धोटेभाऊ येऊ शकत नव्हते, आणि त्यांच्याशिवाय डब्बा कधी कॉलनीचं फाटक ओलांडून गेला नव्हता.

मी कोराडीची बस धरून गेलो. सगळं सांगितलं. जबलपूरच्या पोराचंही सांगितलं.  ते म्हणाले, "खड्डा खणता येते तुले?"

पुढचे आठ दिवस मी ऑफिस सुटल्यावर कोराडीला जाऊन त्यांच्या अंगणात खड्डे खणत होतो. वीज केंद्राच्या राखेनं डोळे चुरचुरायचे, हाताला फोड आले. फोड पाहून ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले आणि वहिनींकडून खोबरेल मागवलं. मीठ किती, कोळसा किती, पाणी कसं, तार कशी खरवडायची, सगळं माझ्याकडून दहादा करून घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला ओल्या पोत्यावर उभं केलं आणि माझ्या हातात गिटारच्या तारा दिल्या. लगेच काढूनही घेतल्या. "हे तू नको करू," म्हणाले. "टेस्टर देतो. टेस्टरनं पाह्य."

स्टेशनवर डब्बा सामानाच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवला. सब्बल, पाइप आणि मिठाची थैली माझ्या गळ्यात. धोटेभाऊंनी दौऱ्याच्या गावांचा आणि मुक्कामांचा कागद वहीत उतरवून घेतला होता. खिडकीशी येऊन त्यांनी पत्ता घातलेली चार पोस्टकार्डं माझ्या हातात दिली. "दर गावचा कार्यक्रम झाला की एक टाकजो. खुशाली कळव."

मी हसू दाबलं. गाडी हलल्यावर डब्ब्याच्या माहेरच्या माणसाची नक्कल करून सगळ्यांना हसवलंही.

गोंदियाहून मी कार्ड टाकलं. 'डब्बा ठीक आहे. जमीन चांगली लागली. आवाज उत्तम.' दुर्गहून टाकलं. 'डब्बा ठीक. एक व्हॉल्व्ह किंचित हलतो, दाबून बसवला.' रायपूरचं कार्ड लिहिलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तो सदरा धोब्याकडे गेला.

बिलासपूरला आमचे तीन कार्यक्रम होते. दुसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी धर्मशाळेच्या ओसरीवर जेवून सुपारी कातरत बसलो होतो. फाटकातून धोटेभाऊ आत आले. हातात पिशवी नाही, काही नाही. दाढी वाढलेली, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मला वाटलं, डब्ब्याच्या काळजीनं माणूस पार कामातून गेला.

"धोटेभाऊ, रजा मिळाली?"

"नाही. सांगून आलो." ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "रायपूरचं कार्ड नाही आलं."

मी ओशाळून धोब्याची हकीकत सांगितली. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहत होते.

"हात दाखव," ते म्हणाले.

मी अडकित्ता खाली ठेवून हात पुढे केले. त्यांनी माझा डावा हात उलटा केला, सुलटा केला. "मूठ कर. उघड. आणखी एकदा कर." मी केली. एकेक बोट धरून त्यांनी वाकवून पाहिलं आणि मग भिंतीला टेकून बसले.

"डब्बा आतल्या खोलीत आहे," मी म्हणालो. "दाखवतो, चला. मी सगळं कळवलं होतं नं त्याचं."

"डब्ब्याचं वाचलं," ते म्हणाले. "तुह्यं त्यात काहीच नव्हतं."

 मी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर ते आपणहून बोलले, तेही भांड्याकडे बघत.

"माह्या लहान भावाचं नाव सुधाकर. बेस वाजवे. पहिला डब्बा म्या त्याच्याचसाठी बनवला होता. मंडप ओला होता त्या दिवशी. लोक येऊन बसले होते. म्या म्हटलं, उशीर होऊन राहिला, जमीन उद्या पाहू, तू वाजव." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "हात चिकटला त्याचा. कोणीतरी बटन बंद करेपर्यंत सुटला नाही. वाचला. पण डाव्या हाताची तीन बोटं वाकत नाहीत. गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहे. उजव्या हातानं कापड मोजते, डाव्यानं नुसतं दाबून धरते."

"तुमच्यावर राग आहे त्यांचा?"

"असता तर बरं झालं असतं. दिवाळीले माह्यासाठी सदऱ्याचं कापड आणते. एवढ्या वर्षांत मले एक शब्द नाही बोलला."

झटका बसलाच तर आधी आपल्याला बसावा म्हणून ओल्या पोत्यावर डोळे मिटून उभा असलेला हा माणूस मी किती वेळा लोकांना करून दाखवला होता. मला माझीच भयंकर लाज वाटली. मी त्यांना थांबायचा आग्रह केला, आज कार्यक्रमाला बसा म्हटलं, आत येऊन डब्बा तरी पाहा म्हटलं. ते उठलेच. उद्या सकाळची ड्युटी होती. मी खणलेला खड्डाही त्यांनी पाहिला नाही.

स्टेशनवर त्यांना पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. परत येताना पोस्टातून एक कार्ड घेतलं, कारण त्यांनी दिलेल्या चारांपैकी उरलेलं शेवटचं बिलासपूरचे तिन्ही कार्यक्रम झाल्यावर टाकायला लागणार होतं. तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. 

'ती. धोटेभाऊंस सा. न. वि. वि. मी बरा आहे. डावा हात बरा आहे. उजवा हात बरा आहे. दोन्ही वेळ जेवतो. अरुण.'

डब्ब्याबद्दल त्यात काही लिहिलं नाही.