डाव्या मागच्या चाकाचे कार्यालयीन महत्त्व

कारभार दोन गोष्टींवर चालतो, सही आणि चाक. पैकी एक जरी अडले तरी जनता वाऱ्यावर पडते, असे जाणकार सांगतात. (हे जाणकार कोण, ते कळवण्याची विनंती त्यांनाच केलेली आहे.) दाखले कार्यालयात या दोन्ही गोष्टींचा संगम झाला होता आणि तो नेमका काकांच्या कंबरेत झाला होता.

काका म्हणजे मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर. साहेबांना दिवसभर बैठका, त्यामुळे एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीला जाताना गाडीत मागे डावीकडे बसून, मांडीवर फायली घेऊन ते सह्या उरकत. चाकाचा तोल राखायला रिमच्या कडेला शिशाचा एक तुकडा ठोकलेला असतो. साहेबांच्या खालच्या चाकाचा तुकडा फार पूर्वी कुठल्याशा खड्ड्यात पडला होता. तेव्हापासून गाडी साठाच्या पुढे गेली, की शिलाई मशीनसारखी थरथरे. साहेबांची सही त्यामुळे पहिले अक्षर धड, मग एक डोंगर, मग करवतीचे दात, अशी उमटे. तिची नक्कल कोणाच्या बापाला जमली नसती. कार्यालयाला तिचा सार्थ अभिमान होता.

काकांच्या कंबरेला तो नव्हता. घरी काकू त्यांना चहा अर्धाच कप देत, कारण उरलेला अर्धा सदऱ्यावर जाई.

"गाडी तिकडे लावून येता आणि थरथर घरी घेऊन येता," काकू म्हणत. "ते चाक तरी नीट करून घ्या, नाहीतर कंबर तरी दुसरी आणा."

डॉक्टरांनीही हेच सांगितले, फक्त फी घेऊन. शिवाय महिनाभर पडून राहायला सांगितले.

काकांनी चाकासाठी एक आणि रजेसाठी एक, असे रीतसर अर्ज केले. रीतसर समिती नेमली गेली. समितीने गाडीची कसून तपासणी केली. चाके मोजली असता चार भरली आणि चारही गोल आढळली. (स्टेपनीचा विचार स्वतंत्रपणे करण्यात येईल.) मग तिन्ही सदस्य दारे लावून तासभर गाडीत बसले. गाडी जागेवर उभी असताना कोणतीही थरथर आढळून आली नाही. सबब ड्रायव्हरने गाडी उभीच ठेवावी, अशी एकमुखी शिफारस झाली.

जे अर्जाने झाले नाही, ते साहेबांच्या मांडीवर सांडलेल्या गरम चहाने केले. त्याच दुपारी गाडी टायरवाल्याकडे गेली. त्याने चाक मशीनवर चढवून गरगर फिरवले आणि बोटाच्या पेराएवढा शिशाचा तुकडा हातोडीने ठोकला.

"एवढंसंच होतं?" काकांना रडूच आले.

"एवढंसंच असतं, काका. उभ्या गाडीत कळत नाही ते."

परतताना पोटातले पाणी हलेना. साहेबांचा चक्क डोळा लागला. जाग आल्यावर त्यांनी खूश होऊन सगळ्यात आधी काकांची कंबरेसाठीची रजा मंजूर केली. सही सरळ, सुबक आणि वाचता येईल अशी आली. साहेबांचे आडनाव कित्येकांना त्या दिवशी कळले.

"ही सही खोटी आहे," पडताळणीच्या बाई म्हणाल्या.

"अहो बाई, माझ्यादेखत केलीय साहेबांनी!" काका म्हणाले.

"मग ते साहेब खोटे असतील."

साहेब स्वतः खाली आले आणि बाईंच्या टेबलावर सही करून दाखवली. बाईंनी भिंग लावून पाहिली. डोंगर नाही, दात नाहीत. त्यांनी साहेबांना अदबीने बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. सही बदलून घेण्याची सोय होती, नाही असे नाही. फक्त त्या अर्जावर जुनी सही लागत होती.

कामकाज ठप्प झाले. जन्मलेली मुले जन्मल्याचे सिद्ध होईना. गेलेल्या माणसांना जाता येईना. नवरा-बायको दाखल्याअभावी एकमेकांकडे परक्यासारखे पाहू लागले. अखेर समिती पुन्हा बसली (या वेळी खुर्च्यांवर) आणि आदेश निघाला: चाक पूर्ववत बिघडवण्यात यावे. अंमलबजावणी, ड्रायव्हर.

काका पक्कड घेऊन चाकाशी उकिडवे बसले. तुकडा काढला तर कंबर जाणार, न काढला तर कंबरेची रजा जाणार. कित्येक वर्षांनी गाडी नीट चालली होती, आणि तेही चार दिवस टिकू नये, याचे त्यांना फार वाईट वाटले.

"काका, उरका की," साहेब खिडकीतून म्हणाले. "बाई पाचला निघतात."

काकांनी पक्कड आवळली.

साठाच्या पुढे सही झाली. डोंगर आला, दात आले. बाईंनी उभे राहून साहेबांना साहेब म्हणून ओळखले. काकांना रजा मिळाली आणि ते घरी पालथे पडले.

"मिळाली ना एकदाची?" काकूंनी कंबर शेकत विचारले.

"मिळाली. पण आता ती पुरायची नाही."

शिशाचा तुकडा सीलबंद करून तिजोरीत ठेवण्यात आला आहे. बदली ड्रायव्हरला साठाच्या खाली येण्यास सक्त मनाई आहे, आणि त्यानेही परवा कंबरेला हात लावून पाहिला म्हणतात.

हे वाचून आपल्याला काकांचा कळवळा आला असेल, तर चाक दुरुस्त व्हावे अशी मागणी आपण जरूर करावी. तत्पूर्वी फक्त कपाटातला आपला जन्माचा दाखला काढून त्यावरची सही पाहावी. ती सरळ आणि सुबक असेल, तर आपण अद्याप जन्मलेले नाहीत, आणि न जन्मलेल्यांच्या मागण्या स्वीकारल्या जात नाहीत. ती वाकडीतिकडी असेल, तर अभिनंदन! दाखला नीट घडी घालून परत ठेवून द्या. चाक आहे तसेच बरे आहे. आणि कंबर काय, काकांचीच आहे.