पित्ताची वाट शोधणारे नाना

आमच्या प्रयोगशाळेच्या दारात नाना माणसांचे खिसे तपासत. मोठे डॉक्टर आले तरी हात पुढे. "काडेपेटी?" आत ईथर असायचं, एक ठिणगी पुरे. डॉक्टरही मुकाट्यानं काडेपेटी काढून देत.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास धुळ्याच्या इस्पितळात मी नानांच्या शेजारच्या टेबलावर काम करायचो. माझ्याकडे रक्त-लघवी, नानांकडे रोग्यांच्या आतड्यातून नळीनं काढलेला रस. तो ईथरबरोबर हलवून ठेवायचा, ईथर वर आलं की त्यात उतरलेली चरबी वेगळी करून तोलायची, यात त्यांचा दिवस जाई. कुणी घाई केली की म्हणत, "थर बसू द्या, साहेब." लग्नाच्या पंगतीत वरणावर तूप वाढणाऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

एकदा अमळनेरच्या तेलगिरणीतला सुपडू दाखल झाला. डोळे पिवळे, अंगावर नुसती हाडं. "नाना, तेलमा जलम गया नि माले तेलच पचत नही," तो म्हणाला. वॉर्डाच्या डॉक्टरांनी साधी कावीळ ठरवली होती. महिना झाला, उतरेना.

नानांनी त्याच्या रसावर गंधकाची पूड भुरभुरली. चरबी पचवणारं पित्त रसात असलं की ती खाली बसते. ही तरंगतच राहिली.

"नळी जठरातच राहिली असेल," डॉक्टर म्हणाले.

नानांनी रसात लिटमसचा कागद बुडवला. निळा! "जठरातला असता तर लाल झाला असता. नळी आतड्यात आहे साहेब, पित्तच येत नाही. वाट अडलीय."

डॉक्टरांनी आणखी दोनदा रस काढला. दोन्ही वेळा पूड तरंगली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. पित्ताच्या नळीत बोराएवढा खडा! तो घेऊन ते स्वतः आमच्याकडे आले. नानांनी आधी काडेपेटी मागितली, मग खडा पाहिला. मी मात्र आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो, हे आमच्या खोलीत कळलं म्हणून.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, सुपडू भेटायला आला. गाल भरलेले. "नाना, बठ्ठं पचस आते, तेलबी!"

"बघू," म्हणत नानांनी त्याला आणि मला आपल्या खोलीवर नेलं. वांग्याचं भरीत, वर तेलाची धार, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सुपडू जेवत होता आणि नाना प्रत्येक घासाकडे बघत होते.

खोलीत ताट एकच होतं. ते सुपडूपुढे, पातेल्याचं झाकण माझ्यापुढे. नाना हातावर भाकरी घेऊन जेवले. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण घरी कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

सुपडू निघाला, तेव्हा नाना म्हणाले, "तपासणी पुरी झाली नाही. पुढच्या रविवारी ये."

सोमवारी त्यांनी बाजारातून दोन ताटं आणली.