खोडके सरांचा रिकामा बाक

खोडके सर रिकाम्या बाकाला प्रश्न विचारीत आणि उत्तराची वाट पाहत. कोणी चुळबुळ केली की हात वर करून म्हणत, "थांबा. तो इचार करून राहिला."

अमरावतीच्या एका अध्यापक महाविद्यालयात, म्हणजे जिथे शिक्षक घडवतात तिथे, ते शिकवीत. माणूस सडा, मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. बोलणे तोलूनमापून. अकोल्यातून वाहणाऱ्या मोर्णा नदीचे नाव त्यांनी कधी उच्चारले नाही. "आमची नदी" एवढेच. नाव घेणाऱ्याला ती बोलावून नेते, अशी वदंता विद्यार्थ्यांनी त्यावर रचली होती.

बाकही अकोल्याचाच. ते लहानपणी शिकले ती शाळा बंद पडली, तेव्हा त्यांनी तो टेम्पोत घालून आणला आणि वर्गात खिडकीशी मांडला. त्यावर कोणी बसत नसे. झाडणाऱ्या कांताबाई त्याखाली झाडू घालण्यापूर्वी म्हणत, "पाय वर घे बरं, बापू." एकदा तिथे गेलो असता मी त्यांना हटकले.

"तुमाले दिसत नाही, त्याले मी काय करू?" त्या म्हणाल्या.

यंदा महाविद्यालयाने अभ्यासक्रमाची नवी आखणी सुचवणाऱ्या प्राध्यापकांना व कर्मचाऱ्यांना निधी देऊ केला. निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला, एका निवृत्त मुख्याध्यापकाला, घेतले. कोणी डिजिटल फळा मागितला, कोणी चित्रीकरणाचा कक्ष. खोडके सरांनी मागितले ते असे: प्रत्येक सरावशाळेत एक रिकामा बाक असावा. भावी शिक्षकाने पाठ घेताना त्याला एक प्रश्न विचारावा आणि थांबावे. थांबण्याला गुण असावेत.

प्राचार्य हसले. "सर, भुताच्या शिक्षणाले पैसे कोन देईन?"

"भूत नाही, साहेब. पोरगं हाय."

सर निवृत्तीला आले होते. योजना नामंजूर झाली तर त्यांच्यामागे बाक भंगारात जाईल, हे प्राचार्यांनी आधीच सुनावले होते. मी प्रात्यक्षिक मागितले.

तायडे नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. बाकाकडे पाहून तिने विचारले, "पाऊस कसा पडतो?" आणि हसू दाबत ती पुढे निघाली.

"थांबा," सर म्हणाले.

ती थांबली. पंखा फिरत होता, तरी वर्गात हवा हलत नव्हती. बाक करकरला. लाकूड उन्हाने करकरते, हे मला ठाऊक आहे. तरीही समितीतील सर्वांच्या माना एकदम वळल्या, माझीही. तायडेचे हसू मावळले. बाकापाशी जाऊन ती किंचित वाकली आणि निराळ्याच आवाजात म्हणाली, "घाई नाही, बेटा. चुकलं तरी चालते."

प्राचार्यांनी घाम पुसला. "करून टाका मंजूर. पन तो बाक माझ्या केबिनपासून दूर ठेवा."

सगळे पांगल्यावर मी विसरलेली काठी घ्यायला परतलो. बाकावर कोणीतरी बसले होते. माझे पाऊल उंबऱ्यात अडले.

ते खोडके सर होते. गुडघे बाकात मावत नव्हते. हाताची घडी, नजर फळ्यावर.

"तो कुठे गेला?" मी विचारले.

"इथंच हाय, साहेब." त्यांनी हाताची घडी सोडली. "गुर्जींनी नदीचं नाव इचारलं होतं. येत होतं आपल्याले. तोंडातून निघेचना. वर्ग हसला. गुर्जी पुढच्या पोराकडे गेले."

मी फळ्यापाशी गेलो. खडू उचलला.

"अकोल्याची नदी कोणती?"

त्यांचे ओठ हलले. "मो..." शब्द अडला. पुन्हा "मो..." कपाळावरची शीर फुगली, मान खाली गेली. एवढ्यात कांताबाई झाडू घेऊन दारात आल्या आणि काही बोलू लागल्या.

मी हात वर केला.

"थांबा," मी म्हणालो. "तो विचार करतो आहे."