मोहिते अण्णांची होडीखरेदी

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाच नंबरच्या जागेत गाडी नसते. तिथे खडूने काढलेली होडी असते. पुढून चपटी, मधे रुंद, आणि तिच्यात तीन आडव्या रेघा, म्हणजे बसायच्या फळ्या. सकाळी फरशीवर पाणी मारलं की ती पुसली जाते आणि संध्याकाळपर्यंत मोहिते अण्णा ती नव्याने काढतात, बहुतेक वेळा आधीपेक्षा थोडी मोठी.

एवढ्यावर भागलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण अण्णा त्या होडीत माणसं बसवतात. भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे निघालेल्या माणसाला अडवतात, प्लास्टिकची खुर्ची पुढे करतात आणि म्हणतात, "स्वल्प बसा की." माणूस बसतो. मग अण्णा दुसरी खुर्ची टाकून त्याच्या मागे बसतात, आपले गुडघे त्याच्या पाठीला लागतात का बघतात आणि हातातली झाडूची काठी गळाच्या काठीसारखी मागे नेऊन पुढे फेकतात. एकदा ती आमच्या सेक्रेटरीबाईंच्या चष्म्याला लागली. बाई संतापल्या. "अण्णा, पार्किंग गाड्यांसाठी असतं!"

"सरी," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं. "पण ही माझी जागा आहे, आणि होडी हे वाहनच आहे. तुम्ही उठू नका, उजव्या बाजूला किती जागा उरते ते बघायचंय."

अण्णांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की नेमकं कुठल्या गावाहून आलं हे त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आले, मल्लेश्वरममधल्या या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "आम्ही एवढ्या लवकर आलो, तुम्ही आत्ता येताय. मधे वाट चुकला होता काय?"

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि एकच सिद्धान्त: "बसल्याबिगर कळत नाही." खुर्ची, सोफा, रिक्षा, काहीही असो, अण्णा आधी बसून बघणार. चिकपेटमध्ये नवा कमोड घ्यायला गेले तेव्हा दुकानाच्या ऐन दारात मांडलेल्या नमुन्यावर बसले आणि दुकानदाराकडे पेपर मागितला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांच्या पत्नी, सुमित्राअक्का, त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर चिकपेटला जात नाहीत.

होडीसाठी अक्कांनी एकच अट घातली होती. "स्कूटरपेक्षा महाग असली तर तीत बसूनच राहायचं. घरी यायचं नाही."

त्यामुळे होडी स्वस्त हवी हे ठरलेलं होतं. ती अ‍ॅल्युमिनियमचीच का, हे अण्णा कोणालाही, न विचारता, सांगत. हवा भरायची रबरी होडी गळ लागला की फुस्स. फायबरची जड, आणि दगडावर आपटली की तडकते. लाकडाची म्हणजे दर वर्षी डांबर, रंग आणि सेवा. अ‍ॅल्युमिनियमची दोन माणसं उचलतात, टेम्पोवर ठेवतात, पोचा पडला तर आतून ठोकून सरळ करतात. "भांडं आहे हो ते," अण्णा म्हणत, "मोठं भांडं. भांड्याची काळजी कोण करतो?"

हे सगळं पटण्यासारखं होतं. पटत नव्हतं ते एवढंच की मी या बिल्डिंगमध्ये आल्यापासून अण्णा होडी निवडत होते आणि होडी काही येत नव्हती.

माझ्याकडे गाडी आहे आणि शनिवारी मला सुट्टी असते, त्यामुळे मी या निवडीत ओढली गेले. पहिल्यांदा आम्ही शहराबाहेरच्या एका होड्यांच्या दुकानात गेलो. विकणारा मुलगा टाय लावलेला, हिंदीत बोलणारा. त्याने दाखवलेली होडी देखणी होती. पुढे टोकदार नाक, खाली तळाला धार. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला, बोटाच्या पेराने पत्रा वाजवला, मग माझ्याकडे वळले.

"वैशाली, उजवा हात ओढणीत बांधून घे."

"का?"

"घे की."

मी ओढणीचा फास करून उजवा हात अंगाशी अडकवला. "आता डाव्या हाताने धरून आत चढ आणि बस," अण्णा म्हणाले. मी चढले. होडी स्टँडवर अशी काही कलली की टायवाल्या मुलाने धावत येऊन ती धरली. मी फळीवर बसण्याऐवजी फळीखाली बसले.

"नापास," अण्णा म्हणाले.

"अंकल, पाण्यात एवढी हलत नाही," मुलगा कळवळून म्हणाला.

"पाण्यात जास्त हलते, बाबा. ही समुद्राची. लाटा कापायला धार दिलीय तिला. आमच्या तळ्यात लाटा कुठल्या? आमच्या तळ्यात म्हशी." आणि मुलगा खट्टू झालेला बघून त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होडी चांगली आहे. मी तसलं गिऱ्हाईक नाही."

परत येताना मी हाताचं विचारलं. अण्णांनी खिडकीची काच खाली केली आणि नवीन मेट्रोचे खांब किती वाकडे दिसतात त्याबद्दल बोलायला लागले.

दुसरी होडी जुनी होती, होसकोटेच्या पलीकडे एका नारळाच्या बागेत पालथी पडलेली. तळ सपाट, रुंदी छान. मी आपणहून ओढणी बांधली, चढले, बसले, पास झाले. मालक खूश झाला. तेवढ्यात अण्णांनी त्याच्याकडे बादली मागितली आणि विहिरीच्या पंपाजवळून पाणी आणून होडीत ओतायला लागले.

"अहो, पाणी बाहेर असायला पाहिजे!" मालक ओरडला.

"आतलं बाहेर येतंय का बघू. म्हणजे बाहेरचं आत येणार का कळतं."

आम्ही तिघं होडीखाली उकिडवे बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने एका रिव्हेटमधून थेंब आला. मग शेजारच्या. मग सगळी ओळच ठिबकायला लागली, आणि मालक म्हणाला की हे आधी कधी झालं नव्हतं. अण्णांनी मान डोलावली. "आधी कोणी आत पाणी ओतलं नसेल."

तिसरी होडी शिवाजीनगरला सापडली. रफीकभाई म्हणून एक आहेत, त्यांच्या कारखान्यात ट्रकसाठी पेट्या आणि पाण्याच्या टाक्या बनतात. कुठल्याशा रिसॉर्टने त्यांच्याकडून एक होडी बनवून घेतली आणि मग नेलीच नाही. ती भिंतीला टेकवून ठेवली होती आणि रफीकभाईंची माणसं तिच्यावर डबे वाळत घालत. सपाट तळ, जाड पत्रा, रिव्हेट नाहीत, सगळे सांधे वेल्डिंगचे. फळ्यांखाली थर्मोकोल भरलेला, म्हणजे पाणी भरलं तरी बुडायची नाही. किंमत अक्कांच्या स्कूटरच्या बरीच खाली. अण्णांनी पाणी ओतलं, एक थेंब आला नाही. मी हात बांधून चढले, उतरले, पुन्हा चढले. डगमगली नाही.

"घ्या, अण्णा," मी म्हणाले.

"सरी," अण्णा म्हणाले, "पण स्वल्प विचार करूया."

इतक्या शनिवारांचा राग माझ्या डोक्यात गेला. "कसला विचार? या होडीत काय खोट आहे?"

"खोट नाही."

"मग?"

रफीकभाई डबे उचलायच्या निमित्ताने दूर गेले. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "गुरुवारी तू घरी असतीस काय? माझ्याबरोबर एके ठिकाणी ये."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही राजाजीनगरला नंजप्पांच्या घरी गेलो. नंजप्पा म्हणजे टेलिफोन खात्यातले अण्णांचे जुने सोबती. दोघांनी अर्धी नोकरी एका खोलीत केली आणि सगळे रविवार एका तळ्याच्या काठी काढले, हे मला वाटेत कळलं. त्यांना पक्षाघात झाला होता हे दारातून आत गेल्यावर कळलं. उंच माणूस, खुर्चीत एका बाजूला कललेला, तोंडाचा एक कोपरा खाली आलेला. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कोणीतरी ठेवून गेल्यासारखा.

मी त्या हाताकडे बघितलं आणि ओढणी सावरली.

अण्णा समोर बसले आणि मोठ्याने कन्नडमध्ये सुरू झाले. "नंजप्पा, ठरलं. ती टोकदारवाली घेतोय. दुकानातली. काय दिसते! अरुंद आहे, पण वेगात जाते."

नंजप्पांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ओठ हलायला लागले, शब्द सापडेना. अण्णा स्वस्थ बसून राहिले, अजिबात मदत करेनात. शेवटी शब्द आला. "हु… हुच्चा!" म्हणजे वेड्या. आणि मग पुढचे आले, एकेक, दगड उचलल्यासारखे. तळ्यात… टोकदार… कशाला? उभा राहिलास… तर… उलटशील. पोहता येतं… का… तुला?

"थोडं येतं," अण्णा म्हणाले.

"खोटं!" हा शब्द मात्र झटक्यात आला.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून, लताक्का, उभी होती. तिने मला हळूच आत बोलावलं. "डॉक्टरांनी बोलत राहायला सांगितलंय," ती म्हणाली. "आमच्याशी नुसत्या खुणा करतात. पाणी पाहिजे, तर बोट. पंखा, तर बोट. हे आले की बोलतात. हे गेले की रात्री जेवताना सुद्धा दोन शब्द येतात. मोहित्यांना होडीतलं काहीच कळत नाही, असं." तिने पदराने तोंड पुसलं. "कळत नाही ना त्यांना खरंच?"

मी म्हटलं, "काहीच कळत नाही."

परत येताना सिग्नलला गाडी थांबली. अण्णा आपणहून म्हणाले, "मी होडी घेतली, तर गुरुवारी बोलायचं काय? त्याच्यासाठीच घ्यायची, हे खरं. काठावर चिखलात त्याला उभं राहता येत नाही, म्हणून होडी. पण त्याला सांगितलं तर तो नको म्हणणार. दयेचं काही घेत नाही तो. म्हणून निवडतोय." सिग्नल सुटला तरी मी गाडी काढली नव्हती. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "काढ की," अण्णा म्हणाले.

अण्णांनी रफीकभाईंना होडी ठेवून द्यायला सांगितलं आणि गुरुवारी जाऊन नंजप्पांच्या शिव्या खात राहिले. कधी जाड पत्र्याऐवजी पातळ घेतो म्हणाले, कधी वल्ह्यांऐवजी एकच बांबू पुरे म्हणाले.

तिढा सुटला तो नंजप्पांमुळेच. एका गुरुवारी अण्णा बांबूचं कौतुक करत असताना नंजप्पांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. त्या दिवशीही मी होते. ते अण्णांकडे बघत राहिले, रागाने नव्हे. मग त्यांनी विचारलं, "मी… कुठं… धरायचं?"

अण्णांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागले.

"दाखव," नंजप्पा म्हणाले.

त्यांना शिवाजीनगरला न्यायचं म्हणजे लताक्का, तिचा नवरा, मी आणि अण्णा, सगळे लागलो. कारखान्यात ग्राइंडरचा आवाज चालू होता. रफीकभाईंनी तो बंद करवला, डबे उतरवले, होडी जमिनीवर आडवी ठेवली. नंजप्पांना धरून आत बसवलं. त्यांनी डाव्या हाताने काठ चाचपला, फळीवर पुढेमागे सरकून बघितलं. "इथं… दांडा," ते म्हणाले. रफीकभाईंनी तिथेच डाव्या बाजूला धरायला दांडा आणि फळीला पाठ वेल्डिंग करून देतो म्हणून सांगितलं. नंजप्पा उतरेनात. चहा आला तो त्यांनी होडीतच घेतला.

अण्णांनी त्याच संध्याकाळी होडीचे पैसे दिले. अक्कांनी किंमत विचारली सुद्धा नाही.

तळं होसकोटेच्या पुढचं. तिथल्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे तो अण्णांचा ओळखीचा, त्याने रविवारची परवानगी दिली. टेम्पोतून होडी उतरवली, दोघांना नारिंगी जॅकेटं चढवली, नंजप्पांना पुढच्या फळीवर बसवलं. त्यांची गळाची काठी डाव्या हाताला सोपी व्हावी म्हणून आखूड करून आणली होती. अण्णा मागे. ठेकेदाराच्या माणसाने होडी लोटली आणि वल्ही मारत थोडं आत नेऊन तिथे नांगर टाकून दिला, आणि तो मागून आलेल्या ठेकेदाराच्या होडीने परत आला. मी, अक्का आणि लताक्का काठावर चटई टाकून बसलो.

आम्हाला वाटलं होतं आता तिकडून हुच्चा-हुच्चा सुरू होईल. काही ऐकू आलं नाही. पाण्यावर आवाज लांबून येतो, पण आला तो फक्त पलीकडच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बायकांचा. लताक्का अस्वस्थ झाली. "बोलत का नाहीत? भांडले का?"

अक्का इडल्यांचा डबा उघडत होत्या. "तळ्यावर ते कधीच बोलत नव्हते गं," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर एकदा मला घेऊन गेले होते. सकाळी बसले ते ऊन चढेपर्यंत. दोघांच्यात मिळून एक शब्द नाही. मी परत गेले नाही कधी."

मी उठून बांधावर चढले, तिथून होडी नीट दिसत होती. नंजप्पांची काठी पाण्यावर स्थिर होती. अण्णांनी आपली काठी बाहेर काढलीच नव्हती. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी नंजप्पांच्या जॅकेटचा मागचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरला होता, आणि नंजप्पांना ते कळू नये म्हणून अंग मागे घेऊन, मान वळवून, भलतीकडेच कुठेतरी बघत बसले होते.